हिश्शाचा कौल कोणी द्यायचा?

24 मार्च 2023 ला बेंगळुरूत कर्नाटकच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. त्या बैठकीत बसवराज बोम्मई यांच्या भाजप सरकारने मुस्लिमांसाठीचा '2 ब' हा 4 टक्क्यांचा प्रवर्ग रद्द केला आणि ते 4 टक्के निम्मे-निम्मे करून वक्कलिग आणि लिंगायत या राज्यातल्या दोन प्रबळ समाजांना वाटून टाकले. वक्कलिगांच्या प्रवर्गाचे 4 टक्के 6 झाले, लिंगायतांच्या प्रवर्गाचे 5 टक्के 7 झाले. मुस्लिमांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या 10 टक्क्यांत जाऊन स्पर्धा करावी, असे ठरले. 27 तारखेला आदेश निघाला. 29 तारखेला निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने असेच काम 5 नोव्हेंबर 1996 ला वेगळ्या रीतीने केले होते. तेव्हा सुमारे 7 लाख मतदारांच्या सह्या लागत होत्या म्हणून त्या गोळा करून 'प्रपोझिशन 209' हा प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला गेला, महिनोन्महिने प्रचार झाला आणि जवळपास 55 टक्के मतदारांनी तो मंजूर केला. सरकारी नोकऱ्या, सरकारी कंत्राटे आणि सरकारी विद्यापीठांतले प्रवेश यांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देण्यावर त्या राज्याच्या घटनेतच बंदी आली.

एकीकडे उघड सार्वमत, दुसरीकडे मतांवर डोळा ठेवून घेतलेला प्रशासकीय निर्णय. बहुसंख्यांच्या मताने दुर्बलांचा हिस्सा काढून घेता येतो का, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. प्रस्तुत लेखसंग्रह या प्रश्नाभोवती उभा आहे आणि त्याचे केंद्र मुद्दाम बेंगळुरूत ठेवले आहे. आरक्षणाच्या इतिहासात म्हैसूर आणि कर्नाटकाने जेवढे प्रयोग केले, जेवढे आयोग नेमले आणि जेवढे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले, तेवढे फार थोड्या राज्यांनी केले असतील. मराठी वाचकाला कोल्हापूर ठाऊक असते, मंडल आयोग ठाऊक असतो. मधला हा मोठा प्रदेश त्याच्या नकाशावर बहुधा कोराच राहतो.

भारतीय राज्यघटनेत कायदा करण्यासाठी वा मोडण्यासाठी सार्वमताची तरतूद नाही. तरीही सार्वमत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. 16 जानेवारी 1967 ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे याचा कौल दिला. 1,38,170 मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली, 1,72,191 विरोधात. महाराष्ट्रातल्या गावागावांत बायका 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने दारूचे दुकान बंद पाडतात. दोन्ही ठिकाणी मत देणारा आणि निर्णयाचे परिणाम भोगणारा एकच आहे. गोव्याचे भवितव्य गोव्यातल्या मतदाराने ठरवले, गावातल्या दारूचा जाच सोसणाऱ्या बाईने त्या दुकानाचा निकाल लावला. आरक्षणाबाबत हे गणित फिरते. ज्याचा हिस्सा जाणार तो अल्पसंख्य, आणि त्यावर मत देणारे बहुसंख्य असे, की ज्यांचे त्यात काही जाणार नाही, झाला तर लाभच होईल.

या भेदाची जाण महाराष्ट्राच्या भूमीवर 1932 सालीच दिसली होती, हे आज विस्मरणात गेले आहे. ब्रिटिश सरकारच्या 'कम्युनल अवॉर्ड'ने अस्पृश्यांना दिलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केले. वाटाघाटी राखीव जागांच्या संख्येवर अडल्या होत्याच. त्याहून जास्त त्या मुदतीवर अडल्या. ही व्यवस्था पुढे चालू ठेवायची की संपवायची, हे काही वर्षांनी अस्पृश्यांच्याच सार्वमताने ठरावे, असा डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. गांधीजींना ती मुदत 5 वर्षांपेक्षा लांब नको होती. तडजोड अशी झाली की सार्वमताचे कलमच वगळले गेले आणि राखीव जागा संबंधित समाजांच्या परस्पर संमतीने संपेपर्यंत चालू राहतील असे 24 सप्टेंबरच्या पुणे करारात लिहिले गेले. आरक्षण संपवण्यासाठी मतदान घ्यावे, ही कल्पना या देशात पहिल्यांदा ठोसपणे मांडली ती आरक्षणाच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याने. त्यांची अट एवढीच होती की मत त्यांचे घ्या ज्यांचे ते आहे. कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेत आणि येरवड्याच्या त्या मागणीत जे अंतर आहे, ते समजून घेतल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही.

आरक्षणाचा आधुनिक आरंभ 26 जुलै 1902 च्या कोल्हापूरच्या जाहीरनाम्याने होतो. शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. म्हैसूर संस्थानात हीच मागणी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्याकडे नेली आणि 1918 मध्ये मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 7 वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी किमान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी किमान दोन तृतीयांश मागास समाजांकडे जाव्यात, असे मिलर समितीने सांगितले. दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हे मान्य नव्हते. कारभाराची कार्यक्षमता खालावेल, असे त्यांचे मत होते, आणि या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडले. धरणे, कारखाने, विद्यापीठ उभारणाऱ्या माणसाचे हे मत हलक्यात घेण्यासारखे नव्हते. गुणवत्ता विरुद्ध प्रतिनिधित्व हा जो वाद आज समाजमाध्यमांवर रोज पेटतो, तो शंभर वर्षांपूर्वी म्हैसूरच्या दरबारात अत्यंत गंभीरपणे लढला गेला होता. महाराजांनी शेवटी हिश्शाच्या बाजूने निर्णय दिला. कोल्हापुरात काय, म्हैसुरात काय, हा निर्णय राजाने घेतला, मतदाराने नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

राजे गेले, मतदार आला आणि हिश्शाचा हिशेब बदलला.

31 जुलै 1962 ला म्हैसूर सरकारने आदेश काढला आणि अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 68 टक्के जागा राखीव केल्या: 28 टक्के मागासांना, 22 टक्के अतिमागासांना, 15 अनुसूचित जातींना, 3 अनुसूचित जमातींना. त्याविरुद्धच्या एम. आर. बालाजी खटल्याचा निकाल न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. मागासलेपण निव्वळ जातीवरून ठरवता येणार नाही, आणि विशेष तरतूद सर्वसाधारणपणे 50 टक्क्यांच्या आत असावी, असे त्यांनी सांगितले. मराठा आरक्षणाच्या लढ्यात महाराष्ट्र ज्या 50 टक्क्यांच्या भिंतीवर वारंवार धडकतो, तिची पहिली वीट म्हैसूरच्या खटल्यात साताऱ्याच्या न्यायमूर्तींनी बसवली. 16 नोव्हेंबर 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने ती पक्की झाली आणि 5 मे 2021 ला जयश्री पाटील खटल्यात महाराष्ट्राचा कायदा तिच्यावरच आपटून कोसळला.

कर्नाटकाची खरी क्रांती घडली ती मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात. 1972 मध्ये एल. जी. हावनूर यांचा आयोग नेमला गेला आणि 1975 मध्ये त्याचा अहवाल आला. वक्कलिग आणि लिंगायत यांच्या हातात एकवटलेली सत्ता लहान-लहान मागास जातींपर्यंत न्यायची, हे अर्स यांचे राजकारण होते आणि हावनूर अहवाल त्याचा पाया झाला. त्यामागे मोठे सर्वेक्षण होते. केवळ यादी करून टक्के वाटलेले नव्हते. प्रबळ समाज संतापले, प्रकरण न्यायालयात गेले आणि 1985 मध्ये के. सी. वसंतकुमार खटल्यात पाच न्यायमूर्तींनी पाच वेगवेगळी मते लिहिली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी दर 5 वर्षांनी धोरणाचा आढावा घ्यावा असे सुचवले; कर्नाटकातून आलेले ई. एस. वेंकटरामय्याही त्या पीठावर होते. पुढचा वेंकटस्वामी आयोग वक्कलिगांना यादीतून वगळा म्हणाला तेव्हा रस्ते पेटले आणि 1986 मध्ये रामकृष्ण हेगडे सरकारने तो अहवालच नाकारला. अभ्यास एक सांगत होता, मतपेटी दुसरे. मतपेटी जिंकली.

असे म्हटले की लोकशाहीवर दोष येतो असे कोणाला वाटेल. तसे म्हणायचे नाही. मतांच्या दडपणानेच अर्स घडले, मंडल घडला. मागास समाज संघटित होऊन मतदान करू लागला नसता तर हावनूर अहवालही कपाटात पडून राहिला असता. मताने हिस्सा मिळवणे आणि दुसऱ्याचा हिस्सा मताने काढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्रहातले बहुतेक लेखक या ना त्या वाटेने या भेदापाशी येतात.

अमेरिकेतला अनुभव इथे फार शिकवतो. प्रपोझिशन 209 चा चेहरा असलेले वॉर्ड कॉनर्ली हे स्वतः कृष्णवर्णीय उद्योजक आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्रस्तावाच्या मजकुरात 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' (वंचित गटांना प्राधान्य देणारे धोरण) हे शब्दच नव्हते. भेदभाव करू नये, प्राधान्य देऊ नये, एवढेच होते. पुढच्याच वर्षी ह्यूस्टन शहरात तसाच प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या नगर परिषदेने प्रश्न सरळ विचारला: शहराचा अफर्मेटिव्ह ॲक्शन कार्यक्रम बंद करायचा का? मतदारांनी नाही म्हटले. प्रश्न कोण लिहितो यावर उत्तर किती अवलंबून असते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. वॉशिंग्टनने 1998 मध्ये, मिशिगनने 2006 मध्ये, नेब्रास्काने 2008 मध्ये, ॲरिझोनाने 2010 मध्ये बंदी मंजूर केली. कोलोराडोने 2008 मध्ये ती थोडक्यात फेटाळली. 2020 मध्ये कॅलिफोर्नियात 209 रद्द करण्याचा प्रस्ताव आला. त्याच दिवशी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या राज्याने 63 टक्क्यांहून अधिक मते जो बायडेन यांना दिली आणि त्याच मतदारांपैकी 57 टक्क्यांनी तो प्रस्ताव पाडला. उदारमतवादी मतदार आरक्षणाच्या बाजूने असतोच, हा समज त्या रात्री मोडला.

परिणाम आकड्यांत दिसतात. बंदी लागू झाल्यावर 1998 मध्ये बर्कले आणि लॉस एंजेलिस इथल्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचे प्रवेश एकदम घसरले. वंश न पाहता विविधता टिकवण्याच्या प्रयत्नांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाने अर्धा अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. मिशिगन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांतले कृष्णवर्णीयांचे प्रमाण 2006 मध्ये 7 टक्के होते, 2021 मध्ये ते 4 टक्क्यांवर आले.

मिशिगनच्या बंदीवर 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जो 'शूएट' निकाल लागला, त्यात या वादाच्या दोन मुख्य विचारधारा समोरासमोर उभ्या राहिल्या. न्यायमूर्ती केनेडी म्हणाले, धोरण बरोबर की चूक हा मुद्दाच नाही, ते ठरवण्याचा अधिकार मतदारांना आहे की नाही हा मुद्दा आहे, आणि तो आहे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत लिहिले आणि ते न्यायासनावरून वाचून दाखवले. त्यांचा युक्तिवाद अचूक होता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य हवे असेल तर पालक विद्यापीठाच्या मंडळाकडे अर्ज घेऊन जाऊ शकतात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा विचार व्हावा असे वाटले तर त्याला आधी राज्याची घटना बदलावी लागेल. खेळाचे नियम सगळ्यांसाठी बदलले असे दिसते, पण उंबरठा एकाच्याच दारात वाढवला जातो. 29 जून 2023 ला हार्वर्डच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वंशावर आधारित प्रवेशांचे दार देशभर जवळपास बंदच केले. मतदाराने जे राज्याराज्यांत सुरू केले, ते न्यायाधीशांनी पूर्ण केले.

भारतात तिसरी विचारधारा जास्त प्रभावी ठरली आहे, ती पुराव्याची. देताना पुरावा दाखवा, काढतानाही दाखवा. या विचाराची कसोटीही कर्नाटकातच लागली. पदोन्नतीतल्या आरक्षणाबरोबर ज्येष्ठता देणारा राज्याचा 2002 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये बी. के. पवित्रा खटल्यात रद्द केला, कारण आकडेवारी नव्हती. राज्याने हात चोळत न बसता रत्नप्रभा समिती नेमली, खात्याखात्यांतून प्रतिनिधित्वाचे आकडे जमवले, नवा कायदा केला आणि 10 मे 2019 ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो वैध ठरवला. गुणवत्ता म्हणजे केवळ परीक्षेतले गुण नव्हेत, विषम समाजात समानता घडवण्याच्या उद्दिष्टाशी तिचे नाते आहे, अशी मांडणी त्या निकालात आहे. विश्वेश्वरय्यांच्या आक्षेपाला न्यायासनाने दिलेले ते सर्वांत सविस्तर उत्तर मानायला हरकत नाही.

2023 च्या आदेशाची गाडी याच पुराव्याच्या मुद्द्यावर अडली. 13 एप्रिलला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ आणि बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने, अंतरिम अहवालाच्या आधारावर घेतलेल्या या निर्णयाचा पाया प्रथमदर्शनी डळमळीत दिसतो, असे म्हटले. सरकारने अंमलबजावणी थांबवण्याची हमी दिली. नागरत्ना या वेंकटरामय्यांच्या कन्या, धनंजय हे यशवंत चंद्रचूडांचे पुत्र. कर्नाटकाच्या आरक्षणाचा वाद या दोन्ही घरांत दोन पिढ्या न्यायासनावर बसून ऐकला गेला. सरकारची बाजूही संग्रहात प्रामाणिकपणे मांडली आहे: घटना धर्माच्या आधारावर आरक्षण देत नाही, म्हणून हा प्रवर्गच चूक. पण मुस्लिमांना मागास ठरवले ते धर्म पाहून की शिक्षण आणि नोकरीतली स्थिती पाहून, याचे उत्तर राज्याच्या आयोगांच्या अहवालांतच शोधावे लागते. ते न शोधता त्यांचे 4 टक्के नेमक्या दोन मोठ्या मतपेढ्यांना का दिले, याचे समाधानकारक उत्तर सरकारकडे नव्हते.

10 मे 2023 ला मतदान झाले. भाजप 104 वरून 66 जागांवर आला, काँग्रेसला 135 मिळाल्या. हा 4 टक्क्यांवरचा कौल होता असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भाजपची मतांची टक्केवारी मात्र 2018 प्रमाणेच 36 च्या आसपास राहिली होती, आणि मतदारापुढे हमीयोजना, भ्रष्टाचाराचे आरोप, महागाई असे कितीतरी विषय होते. निवडणुकीतून एका प्रश्नाचा कौल वाचता येत नाही. सार्वमत निदान प्रश्न विचारते तरी. मंत्रिमंडळाचा आदेश तोही विचारत नाही, आणि इतर मागासांचे आरक्षण कर्नाटकात अशा आदेशांवरच उभे आहे. घटनेची 15(4) आणि 16(4) ही कलमे सरकारला मुभा देतात, सक्ती करत नाहीत. कॅलिफोर्नियात 7 लाख सह्या लागल्या. इथे एक बैठक पुरली.

आणि सगळ्यांत दुबळा कोण, हे ऑगस्ट 2025 मध्ये दिसले. न्यायमूर्ती नागमोहन दास आयोगाने अनुसूचित जातींच्या 17 टक्क्यांची अंतर्गत विभागणी सुचवताना 59 भटक्या जातींसाठी स्वतंत्र 1 टक्का ठेवला होता. सिद्धरामय्या यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने 6-6-5 असे तीन गट केले आणि तो 1 टक्का तुलनेने पुढारलेल्या जातींच्या गटात मिसळून टाकला. या अलेमारी, म्हणजे भटक्या, समाजाची माणसे बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात धरणे देऊन बसली. इथे पक्ष वेगळा होता, विचारसरणी वेगळी होती, धर्माचा प्रश्न नव्हता. निकष तोच चालला: ज्याची मते कमी, त्याचा हिस्सा सुटा.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये याला आणखी एक कारण आहे. बेळगावच्या अलीकडचा मराठा महाराष्ट्रात 2024 च्या कायद्याने 10 टक्क्यांच्या प्रवर्गात आहे. पलीकडचा, अनेकदा सोयरिकीतलाच, कर्नाटकाच्या '3 ब' या मागास प्रवर्गात लिंगायतांबरोबर आहे आणि '2 अ' प्रवर्ग मागतो आहे. त्याच '2 अ'साठी पंचमसाली लिंगायत 2021 मध्ये कूडलसंगमाहून बेंगळुरूला चालत आले आणि डिसेंबर 2024 मध्ये बेळगावात त्यांच्यावर लाठीमार झाला. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटकाने नवे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू केले, कारण 2015 चे सर्वेक्षण प्रबळ समाजांनी कधीच पचवले नव्हते. येत्या काही वर्षांत हे आकडे दोन्ही राज्यांच्या राजकारणाला हलवणार आहेत.

या संग्रहात कायद्याची मीमांसा आहे, आयोगांच्या अहवालांचे वाचन आहे, आणि आरक्षणाला तत्त्वतः विरोध करणाऱ्यांचे लेखही आहेत. ते वगळले असते तर पुस्तक लहान आणि लटके झाले असते. निकालांची भाषा सोपी करताना युक्तिवाद सोपा करून टाकायचा नाही, हे पथ्य पाळले आहे. सगळ्या लेखांतून एक भूमिका पुढे येते आणि ही प्रस्तावना तिच्याशी सहमत आहे: हिस्सा कायमचा नाही, त्याचा आढावा झालाच पाहिजे, पण तो आढावा आकड्यांनी आणि ज्याचा हिस्सा आहे त्याचे म्हणणे ऐकून व्हावा. बाकीच्यांच्या हात वर करण्याने नव्हे.

वाचकाकडे मागणे एवढेच आहे. पुढच्या वेळी कोणतेही सरकार, कोणत्याही पक्षाचे, निवडणुकीच्या तोंडावर कोणाचा हिस्सा वाढवेल किंवा काढून घेईल, तेव्हा आयोगाचा अहवाल मागा. तो जाहीर केला नसेल तर त्या निर्णयाला विरोध करा, लाभ आपल्याच जातीला मिळत असला तरीही.